हात मागे बांधून : सामुदायिक स्टुडिओत मातीकाम शिकवताना

पहिल्या वर्गात मी चार मिनिटांत एक वाडगा वर काढला आणि मोठ्या अपेक्षेने समोर पाहिलं. आठ माणसं, आठ चाकं, आणि जादूचे प्रयोग बघताना असतात तसे आठ चेहरे. तासाभराने त्यातल्या सात जणांसमोर डुगडुगणारा चिखल होता. आठव्याच्या समोर तोही नव्हता, त्याचा गोळा उडून शेजारच्या भिंतीवर बसला होता. ही मंडळी नीट बघत नाहीत, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. चूक बघणाऱ्यांची नसून दाखवणारीची आहे, हे कळायला पुढची दोन सत्रं गेली.

स्वतः भांडी करणारा माणूस शिकवायला उभा राहतो तेव्हा त्याला कमी येत असतं असं नाही. हाताला सगळं इतकं पाठ असतं की ते तोंडाने सांगताच येत नाही. ‘गोळा मध्यावर आणा’ हे वाक्य मी शंभरदा म्हटलं असेल, आणि ते ऐकून एकाचाही गोळा मध्यावर आला नाही. मग एके रात्री एकटीच चाकावर बसले, डोळे मिटले आणि आपण नेमकं काय करतो ते मोठ्याने बोलत गेले. कोपर मांडीत रुतलेलं आहे. जोर मनगटाचा नाही, पुढे झुकलेल्या अंगाचा आहे. हात हलत नाहीत, हातांखालून माती फिरते आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी हात सोडते तेव्हा ते हळू सोडते. झटक्याने हात काढला की मध्यावर आलेला गोळा पुन्हा वाकडा होतो. ही शेवटची गोष्ट मी कधी कुणाला सांगितलीच नव्हती, कारण मी ती करते हे मलाच माहीत नव्हतं. शिकवायला सुरुवात करण्याआधी हा प्रयोग करून बघा. स्वतःच्या हातांची चांगलीच गंमत वाटेल.

दुसरी सवय मोडायला जास्त त्रास झाला. भिंत कलायला लागली की माझा हात आपोआप पुढे जायचा. दोन बोटं आत, दोन बाहेर, भांडं वाचलं! वर्गात एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांची जवळजवळ सगळी भांडी मी अशी ‘वाचवली’. सत्र संपलं, भाजून आलेली भांडी फळीवर मांडली, तर त्यांनी त्यातलं एकच उचललं : जाड बुडाचं, एका बाजूला कललेलं. बाकीची चांगली चार तिथेच. मी विचारलं तर म्हणाले, “ताई, ती तुमची आहेत.” राग नव्हता आवाजात, त्यामुळे ते जास्त लागलं. तेव्हापासून मी चाकांमधून फिरताना पाठीमागे दोन्ही हातांनी टॉवेल धरून ठेवते. दाखवायचंच असेल तर माझा वेगळा गोळा, माझं वेगळं चाक.

पडलेलं भांडं वाया गेलं असं समजू नका. तारेने ते उभं कापा आणि दोन्ही अर्धे शेजारी शेजारी ठेवा. बुडाशी भिंत बोटभर जाड, वर कागदासारखी. पाणी जास्त झाल्याने कुठे माती मऊ पडली, तेही दिसतं. अर्धा तास बोलून जे समजत नाही ते या एका कापात समजतं. पहिल्या भांड्याला तार लावायला मात्र कुणी तयार नसतं, म्हणून आधी माझंच कापते. शिवाय पहिल्या दिवशी मी कुणालाच चाकावर बसवत नाही. अंगठ्याने दाबत एक वाटी करून घेते. भिंतीची जाडी बोटांना कळायला लागली की चाक निम्मं सोपं होतं. डावखुऱ्यांना सुरुवातीलाच विचारा. बहुतेक विजेच्या चाकांना उलट फिरवायचं बटण असतं, आणि ते माहीत नसल्याने चार वर्ग नुसतं कुढत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता त्या कामाबद्दल, ज्याचा नियुक्तीच्या वेळी फारसा उल्लेख होत नाही. दोन तासांच्या वर्गामागे जवळपास तेवढंच काम असतं : माती मळून ठेवणं, गाळाच्या बादल्यांतली माती सुकवून परत वापरण्याजोगी करणं, अर्धी सुकलेली भांडी प्लास्टिकने झाकणं-उघडणं, भट्टी भरणं, रिकामी करणं. मानधन कशाचं मिळणार, फक्त वर्गाच्या तासांचं की याचंही, हे होकार देण्याआधी विचारा. स्वतःच्या कामासाठी फळी मिळेल का, भट्टीत जागा मिळेल का, वर्ग नसताना किल्ली मिळेल का, हेही. मी भिडेपोटी विचारलं नाही आणि पहिलं वर्षभर भट्टी फुकट भरली.

भट्टी ही तर वेगळीच शाळा. एकदा प्रदर्शन तोंडावर होतं, सगळ्यांना घाई होती. एका मुलीने घोडा केला होता, पोट भरीव. गालाला लावून पाहिला तर गार लागला, म्हणजे आत ओल होती. तरी मी तो भट्टीत ठेवला. १०० अंशांच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. घोडा फुटला, आणि त्याचे तुकडे शेजारच्या सहा जणांच्या भांड्यांत घुसले. पुढच्या वर्गात उभं राहून “घोड्याची चूक नाही, माझी आहे” असं सांगावं लागलं. आता जाड वस्तू आतून पोकळ करून घेते, आणि शंका असली तर भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर धरून मगच पुढे चढवते. ५७३ अंशांजवळ मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो, उतरताना तसाच आकसतो. त्यामुळे त्या टप्प्यावर चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा घाई नको.

बाहेरची माती भट्टीत घ्यायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. कमी तापमानाला भाजायची माती १२२० अंशांच्या ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) भाजणीत गेली तर वितळून फळीला चिकटते. ग्लेझ बुडापासून तीन-चार मिलिमीटर वर थांबवायची, हेही तसंच. आणि भट्टीचा आकडा कितीही विश्वासू वाटला तरी आत शंकू, म्हणजे ठरावीक आच लागली की वाकणारा मातीचा छोटा सुळका, ठेवाच. हर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये काढलेली ही युक्ती अजून चालते, कारण माती किती भाजली हे नुसत्या तापमानावर ठरत नाही, ती आच किती वेळ लागली यावरही ठरतं. शंकू वाकतो तो दोन्हींचा हिशेब धरून. एक नाराजी आधीच टाळता येते : सुकताना आणि भाजताना मिळून माती साधारण १२ टक्के आकसते. दहा सेंटीमीटरचा मग पावणेनऊच्या आसपास होऊन बाहेर येतो, आणि ‘माझा मग बदलला’ अशी तक्रार येते.

धुळीबद्दल मी हट्टी आहे. सुक्या मातीत सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो. म्हणून केरसुणी बंद, फक्त ओला पोछा. सुक्या भांड्याला सँडपेपर लावायचा असेल तर बाहेर, मास्क लावून. विद्यार्थी आठवड्याला दोन तास त्या हवेत असतात, तुम्ही रोज असता.

स्वतःच्या कामावरही परिणाम होतो, तो उशिरा दिसतो. वर्षभराने माझे मग बघितले तर सगळे दाखवायला सोपे, सरळ भिंतीचे, वर्गातल्यासारखे. आता वर्गात केलेलं एकही भांडं मी भाजत नाही, सगळी गाळाच्या बादलीत जातात. आणि आठवड्यातला एक दिवस दार लावून बसते.

कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर थेट वर्ग मागू नका. कुणाच्या तरी हाताखाली एक सत्र भट्टी भरा, बादल्या उपसा. मग एक दिवसाची कार्यशाळा घ्या. अनेक ठिकाणी पदवीपेक्षा ‘भट्टी एकट्याने लावता येते का?’ हा प्रश्न आधी येतो. जाताना आपल्या तारेला आणि सुईला गडद रंगाची चिकटपट्टी गुंडाळा. नाहीतर ती गाळाच्या बादलीत जातात आणि काही महिन्यांनी तीच माती मळताना कुणाच्या तरी तळहाताला सापडतात. माझी सुई अशीच सापडली, नशिबाने मलाच.