सेफ्टी लावली होती, तरी बार उडाला! परवान्याची बंदूक सांभाळताना या चुका टाळा

‘चापाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, आपोआप उडाली.’ असं कुणी सांगितलं की ऐकणारे मान डोलावतात आणि मनातल्या मनात म्हणतात, बोट होतंच. बहुतेक वेळा ते असतंच. पण काही वेळा सांगणारा खरं बोलत असतो. त्या वेळी दोष चापाच्या आतल्या यंत्रात असतो आणि तो एका दिवसात तयार झालेला नसतो.

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या मळ्यांत परवान्याची दुनळी किंवा .315 ची रायफल असलेली घरं आहेत. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. बिबट्याला तर हातही लावता येत नाही, आणि रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. त्यामुळे हत्यार वर्षातले बहुतेक दिवस नुसतं पडून असतं. धूळ, दमट हवा, सुकलेलं तेल, सगळं त्याच काळात आत साचतं. ‘वापरलीच नाही तर बिघडेल कशी?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

आधी आतली रचना समजून घ्या. काडतूस आत ढकलून नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या बोल्टच्या पोटात जोरकस स्प्रिंगने रेटलेली फायरिंग पिन असते. ती काडतुसाच्या बुडावर आदळली की बार उडतो. तिला अडवून धरतो सियर नावाचा पोलादी अडसर. बऱ्याच शिकारी रायफलींत या अडसराची पकड अर्धा मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे नखाच्या जाडीइतकी. एवढ्याशा पकडीवर सगळा जोर तोललेला असतो. त्या फटीत कचऱ्याचा कण गेला, तेलाचा चिकटा धरला किंवा कुणी कानस फिरवली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

सर्वात मोठी चूक म्हणजे सेफ्टीला कुलूप समजणं. सेफ्टी हासुद्धा एक झिजणारा लोखंडी तुकडाच आहे. काही हत्यारांत ती फक्त चाप अडवते, काहींत सियर वर उचलून धरते, काहींत पिनच मागे ओढून ठेवते. आपल्या हत्यारात ती नेमकं काय अडवते हे मालकालाच माहीत नसतं, आणि तरी त्याच सेफ्टीच्या भरवशावर भरलेली रायफल ट्रॅक्टरच्या चाकाला टेकवून ठेवली जाते.

अमेरिकेतल्या रेमिंग्टन 700 चं प्रकरण हत्यार बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. ही रायफल 1962 साली बाजारात आली आणि प्रचंड खपली. तिच्यातला चाप माइक वॉकर या इंजिनिअरने 1940 च्या दशकात बनवला होता. त्यात चाप आणि सियर यांच्यामध्ये कनेक्टर नावाची एक पातळ पट्टी होती. ती चापाला पक्की जोडलेली नव्हती, स्प्रिंगच्या दाबाने त्याला टेकून असायची. प्रत्येक बाराला ती चापापासून क्षणभर सुटायची आणि परत बसायची. त्या क्षणात फटीत कण शिरला किंवा घट्ट झालेलं तेल आडवं आलं, तर पट्टी पूर्ण मागे येत नसे. सेफ्टी लावलेली असेपर्यंत काहीच कळत नसे, कारण सेफ्टीने सियर उचलून धरलेला असायचा. सेफ्टी काढली की सियर खाली यायचा, खाली आधार नसायचा आणि बार उडायचा. चापाला बोट न लावता.

2000 सालच्या ऑक्टोबरात माँटाना राज्यात एक कुटुंब शिकारीहून परतत होतं. रायफल रिकामी करायची म्हणून आईने सेफ्टी काढली. ती जुन्या रचनेची रायफल होती, सेफ्टी काढल्याशिवाय तिचा बोल्ट उघडत नसे. गोळी सुटली, घोडे नेण्याच्या ट्रेलरमधून आरपार गेली आणि पलीकडे असलेल्या तिच्या 9 वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा गेला. कंपनी चापात दोष नसल्याचं सांगत राहिली. पुढे 2014 साली त्याच कंपनीला एक्स-मार्क प्रो या नव्या चापाच्या रायफली परत मागवाव्या लागल्या. तिथे कारण वेगळं होतं. जुळणी करताना सीलंट जास्त लागला होता.

हे आपल्याला का लागू पडतं, तर आपल्याकडची .315 ची रायफल एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घडणीची आहे. तिचीही सेफ्टी लावली की बोल्ट अडकतो. म्हणजे रिकामी करताना तुम्हाला सेफ्टी काढावीच लागते, आणि धोक्याचा क्षण नेमका तोच. कनेक्टर तिच्यात नाही, पण सेफ्टी काढताच पिनचा भार झिजलेल्या किंवा चिकट सियरवर येतो, तो येतोच. म्हणून रिकामी करण्याचा क्रम पाठच हवा. आधी नळीची दिशा ठरवा. मग मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरलेला खालचा डबा, काढा. मग सेफ्टी काढून, बोट गार्डबाहेर, म्हणजे चापाभोवतीच्या कडीबाहेर ठेवून, बोल्ट मागे घ्या. काडतूस बाहेर पडलेलं डोळ्यांनी पाहा, आणि करंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, घालून खात्री करा. रात्री बॅटरी असली तरी करंगळी घालाच. मॅगझिन आत ठेवून बोल्ट मागेपुढे केला तर वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जातं आणि ‘रिकामी’ रायफल भरलेली राहते. घाईतल्या माणसाकडून हमखास हेच होतं.

दिशा म्हणजे नुसतं ‘पलीकडे’ नव्हे. पत्र्याची शेड किंवा विटांची एकेरी भिंत रायफलीच्या गोळीपुढे आडोसा होत नाही. घरात एक जागा ठरवून तिथे वाळूने गच्च भरलेला ड्रम ठेवा. भरणं आणि रिकामं करणं नळी त्या वाळूकडे ठेवूनच. याला दोन मिनिटं जास्त लागतात म्हणून कुरकुर करणाऱ्याच्या हाती भरलेलं हत्यार देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक तेलाची. बंदूक म्हणजे तेल, आणि तेल जितकं जास्त तितकं चांगलं, हा समज घट्ट बसलाय. कुणी खोबरेल घालतं, कुणी स्वयंपाकाचं गोडेतेल, कुणी स्प्रेचा डबा चापाच्या खाचेत रिकामा करतं. डिसेंबरात निफाडला पारा 5 अंशांच्या खाली गेला की बाटलीतलं खोबरेल पांढरं घट्ट झालेलं घराघरात दिसतं. सियरखालीही तेच झालेलं असतं. गोडेतेल हवेने सुकून पिवळट, चिवट थर धरतं, कढईच्या काठावर बसतो तसा. अशा चिकट्यात सियर परत येतो, पण सावकाश आणि अर्धवट. बोल्ट पटकन पुढे केला की त्याला पकड घ्यायला वेळच मिळत नाही.

चापाच्या यंत्राला तेल जवळजवळ लागतच नाही. नळी साफ करताना हत्यार उभं ठेवू नका. आडवं, नळीचं तोंड थोडं खाली आणि चापाची बाजू वर, असं ठेवा. नाहीतर नळीतलं सॉल्व्हंट आणि काजळी सरळ चापात उतरते. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, हत्यार रिकामं करून बोल्ट काढा आणि उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून, चापाच्या भागात लायटरचं इंधन सोडा. वितळलेला मळ तपकिरी होऊन खाली गळतो. स्वच्छ गळू लागेपर्यंत सोडत राहा आणि तासभर सुकू द्या. मग सुईच्या टोकावर शिलाई मशीनचं तेल घेऊन फिरणाऱ्या पिनांना एक-एक थेंब लावा. तेवढं पुरे.

आता कानस. नाशिकच्या सातपूर-अंबडला लेथ गल्लोगल्ली आहेत, ओळखीही आहेत, आणि ‘चाप जड वाटतोय, जरा घासून दे’ म्हणायला वेळ लागत नाही. नवखे यात पुढे असतात. नेमबाजीच्या वर्गात 10 मीटर एअर रायफलचा चाप शे-दीडशे ग्रॅमवर सुटतो. त्या स्पर्धेत चापाला किमान वजनाची अट नाही. तोच हलकेपणा त्यांना शेतावरच्या रायफलीत हवा असतो. शेतावर तो घातक आहे. एनफिल्डचा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा साधारण दीड ते पावणेदोन किलोचा, दुसरा सव्वादोन ते तीन किलोचा. हे वजन मुद्दाम ठेवलेलं आहे. सियरचा कडक केलेला थर वरवरचा असतो. कानशीने तो निघून गेला की खाली मऊ लोखंड उघडं पडतं. पहिले काही बार लोण्यासारखे सुटतात, मग धार गोल होते आणि बोल्ट बंद करताच पिन निसटू लागते. शिवाय शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीसाठीही परवाना लागतो. चांगला फिटर चांगला शस्त्र-कारागीर असतोच असं नाही. परवानाधारक कारागिराकडेच जा.

जुन्या एनफिल्ड जातीत चाप गार्डला खिळलेला असतो आणि गार्ड लाकडी दस्त्यावर कसलेला असतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात लाकूड फुगतं, चैत्रात आकसतं, आणि चापाचं बसणं बदलतं. जूनच्या आधी आणि दिवाळीनंतर गार्डचे स्क्रू तपासा. ढिले असतील तर कसा, पण पिळू नका.

द्राक्षवाल्यांसाठी एक खास सूचना. फवारणीच्या खोलीत बंदूक ठेवू नका. मोरचूद लोखंडाला खातं, आणि गंधकाची बारीक पूड दमटपणात काम बिघडवते. चामड्याच्या किंवा गोधडीच्या गवसणीतही कायम ठेवू नका, ती ओल धरते.

खंडेनवमीला शस्त्रपूजा जरूर करा. हळद-कुंकू दस्त्यावर वाहा, चापावर आणि बोल्टवर नको. ओल्या हातांनी वाहिलेलं कुंकू गार्डच्या फटीत बसतं आणि वाळून खड्यासारखं कडक होतं. अक्षतांचा एक तुकडाही चाप अर्ध्यात अडकवून ठेवू शकतो. पूजेआधी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत, हे तर आलंच.

दुनळीचं वेगळं. घोडा म्हणजे पिनवर आदळणारी हातोडी. बिनघोड्याच्या, म्हणजे घोडा बाहेर न दिसणाऱ्या, बहुतेक साध्या बारा बोअरमध्ये सेफ्टी फक्त चाप अडवते, आतले घोडे ताणलेलेच राहतात. भरलेली बंदूक दगडावर आपटली तर सेफ्टी असूनही बार उडू शकतो. बांध, तारेचं कुंपण, पाटाची फळी ओलांडताना बंदूक बिजागरीतून उघडून काडतुसं काढा. बाहेरच्या घोड्याच्या जुन्या बंदुकीत भरलेल्या नळीवर अंगठ्याने घोडा उतरवू नका. घामाने अंगठा निसटतो.

चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ आवाज आला, तर लगेच बोल्ट उघडू नका. ओल खाल्लेलं काडतूस उशिरा पेटू शकतं. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा.

आता तपासणी. काडतुसं खोलीत नसताना, नळी वाळूकडे ठेवून करा. बोल्ट लावून सेफ्टी लावा, चाप जोरात ओढून सोडा, हात लांब नेऊन सेफ्टी काढा. पिन पडली तर हत्यार नापास. मग बोल्ट नेहमीपेक्षा जोराने दहा वेळा बंद करा, एकदाही पिन निसटता कामा नये. त्यानंतर पिन ताणलेली ठेवून दस्त्याच्या तळाला रबरी हातोड्याने चार-पाच ठोके द्या, आधी सेफ्टी लावून, मग काढून. शेवटी हुकाचा स्प्रिंगकाटा चापाला लावून वजन पाच वेळा मोजा. पाचही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखादा अर्धा किलोने खाली आला, तर आत काहीतरी अडकतंय किंवा झिजलंय. दुनळी आणि .22 च्या छोट्या रायफलीसाठी डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं वापरा. जुन्या .22 मध्ये मोकळी पिन चेंबरच्या कडेवर आदळून खड्डा पाडते.

निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा केलेली बंदूक महिनोन्महिने उभी राहते आणि नळीतलं तेल चापात झिरपतं. जमा करण्याआधी नळी कोरडी पुसून फक्त तेलाचा पुसट हात फिरवा. परत आणल्यावर चेंबर पाहा, वरच्या सगळ्या तपासण्या करा, मगच काडतुसांची पेटी उघडा.

एखाद्या तपासणीत हत्यार नापास झालं, तर ‘पुन्हा करून बघू, आता चालतंय’ असं करू नका. बोल्ट काढून वेगळा ठेवा. वहीच्या पानावर तारीख, कोणती तपासणी, कितव्या वेळी पिन पडली आणि मोजलेली पाच वजनं लिहा, आणि तो कागद हत्यारासोबत कारागिराला द्या. दहातून एकदा होणारा बिघाड त्याच्या दुकानात होईलच असं नाही. मग हत्यार ‘ठीक आहे’ म्हणून तसंच घरी परत येतं.