झाडावरचा वेल: कधी ठेवावा, कसा काढावा

वेल झाडाला जड झालाय का, हे बुंध्याकडे बघून कळत नाही. मान वर करून शेंड्याकडे बघा. वेल खोडापुरता आणि आतल्या जाड फांद्यांपुरता असेल, तर मोठं निरोगी झाड त्याला सहज निभावून नेतं. फांद्यांच्या टोकांवर, उन्हात वेलाचीच पानं दिसत असतील, तर झाडाची पानं सावलीत गेली आहेत. असा वेल काढायलाच हवा. रोपाच्या किंवा लहान झाडाच्या बाबतीत मात्र थांबायचं कारण नाही. जाडजूड वेलाचा पीळ वाढत्या खोडात रुततो आणि अन्नाची ये-जा अडवतो.

पुण्यातल्या सोसायट्यांत नेहमी दिसणारे मनी प्लांट, गुळवेल, बोगनवेल यांपैकी कुणीही झाडाचा रस पीत नाही. नुकसान होतं ते सावलीने, वजनाने आणि वाऱ्याने. पानांनी गच्च भरलेला शेंडा एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो, आणि गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ. शिवाय वेलाखाली खोडातली ढोली, अळंबी, वाळवीची माती काहीच दिसत नाही. खोडाचा खालचा मीटरभर भाग उघडा ठेवावा, तो यासाठीच.

वेल ऑक्टोबर ते जानेवारीत काढा. भर उन्हाळ्यात काढलात, तर इतके दिवस सावलीत असलेली साल एकदम उघडी पडून भाजते. आधी घरटी आहेत का ते बघा. असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

जमिनीलगत एक काप घ्या, दुसरा छातीच्या उंचीवर, आणि मधला तुकडा काढून टाका. खोडाभोवतीचा एकही फाटा सोडू नका. बोटाएवढ्या जाडीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुरतं, त्यापुढे छोटी करवत. कोयता नको, कारण त्याचा एक घाव सालीखालच्या जिवंत थरापर्यंत जातो आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. सालीत रुतलेला वेल उचकटू नका, दोन्हीकडून कापून तिथेच वाळू द्या.

वरचा भाग ओढून काढायचा मोह आवरा. त्याबरोबर साल आणि कोवळ्या फांद्या येतात, कधी सुकलेली फांदी थेट डोक्यावर. वेल वाळला की काही महिन्यांत आपोआप गळतो.

फसगत होते ती गुळवेल आणि मनी प्लांटच्या बाबतीत. कापलेली गुळवेल वरून दोऱ्यासारखी मुळं खाली सोडते, ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा जिवंत. मनी प्लांटही खोडाला धरलेल्या मुळांवर बराच काळ तग धरून नवी मुळं खाली पाठवतो. म्हणून पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारा आणि लोंबणारी मुळं कापा. मनी प्लांटच्या चिकाने खाज सुटते, हातमोजे घाला. पेरांचे तुकडे ओलसर खतात किंवा नाल्याकाठी टाकू नका, तिथेच रुजतात. उन्हात कडकडीत वाळवा.

वेलाची मुळं खणताना झाडाची मुळं तोडू नका. खुरप्याने वरवर काढा, फुटवे येतील तसे खुडा. बुंध्याशी मीठ, रॉकेल किंवा तणनाशक ओतणं म्हणजे झाडालाच पाजणं.

अमरवेलीचा प्रकार निराळा. पिवळ्या दोऱ्यांची ही वेल खरोखर रस शोषते आणि एकदा झाडावर जम बसला की तिचं जमिनीशी नातं उरत नाही, त्यामुळे खाली कापण्यात अर्थ नाही. कुंपणावर किंवा बोरीवर दिसली की फुलं येण्याआधी, ती जिथवर पोचली आहे त्याच्या फूटभर मागे फांदी छाटा. मागे राहिलेला बोटभर तुकडाही पुन्हा पसरतो, म्हणून सगळं पिशवीत भरा.

वेताळ टेकडी किंवा तळजाईवरच्या रानवेलींना हात लावू नका. तिथे त्यांची फळं पक्षी खातात, त्या रानाचाच भाग आहेत.

वेल उतरल्यावर वाळकी फांदी दिसली, तर करवत चालवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. शहरातल्या झाडांना 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मग झाड सोसायटीच्या आवारातलं का असेना. अर्जासोबत फांदीचा फोटो जोडा.