पावसाळ्यात गोल्फचा वेज मातीत रुततोय?

बेळगावात जूनचा पाऊस लागला की जमीन महिनाभरात लोण्यासारखी होते. मार्चमध्ये भोकाभोवतीच्या हिरवळीजवळून छान उडणारा चेंडू आता दोन हात पुढे जाऊन थांबतो, आणि वेजच्या (चेंडू उंच उचलायच्या, तिरप्या पात्याच्या काठीच्या) पात्यावर तांबड्या मातीचा गोळा येतो. क्लबातली निम्मी मंडळी तेव्हा मनगटाला दोष देतात. माझ्या मते आधी वेज उलटा करून त्याचा तळ बघा.

तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा जितकी खाली, तितका ‘बाउन्स’ जास्त. तोच वेजला मातीत घुसू देत नाही. ओल्या, मऊ जमिनीवर १० ते १४ अंश बाउन्सचा सँड वेज (मुळात वाळूतून चेंडू काढायचा वेज) घ्या. उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर ४ ते ८ अंशांचा बरा, नाहीतर तळ आपटून उसळतो आणि फटका चेंडूच्या माथ्यावर लागतो.

उजव्या हाताने खेळत असाल तर वजन डाव्या पायावर थोडं जास्त, चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध. हात फार पुढे झुकवू नका. झुकवले की बाउन्स नाहीसा होतो आणि धार कुदळीसारखी खाली जाते. ही चूक मी कित्येक पावसाळे केली.

सरावाला चेंडूमागे वीतभर अंतरावर पंचा घडी घालून ठेवा. पंच्याला न लागता चेंडू उचलायचा, रोज वीस फटके. आणि प्रत्येक फटक्यानंतर जुन्या टूथब्रशने पात्याच्या खाचा साफ करा; माती भरलेल्या खाचांनी चेंडूला फिरकी मिळत नाही.