घरात काडतुसं ठेवायची तर आधी वजनाचा हिशोब करा

टेक्ससमधल्या ह्यूस्टनला आल्यावर नेमबाजीच्या रेंजवर जायची सवय लागली, सेल लागला की हजार-हजार राऊंड (काडतुसं) उचलायचे आणि गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या रॅकवर चढवायचे, असं दोन वर्षं चाललं. एका रात्री वरची फळी मधोमध वाकली आणि सगळं धाडकन खाली. रोज सकाळी माझी मुलगी तिथूनच सायकल काढते, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून जे शिकलो ते सांगतो.

पिस्तुलाच्या नाइन एमएमचे हजार राऊंड म्हणजे साधारण १२ किलो, शॉटगनच्या बारा गेज काडतुसांची २५० ची पेटीही जवळपास तेवढीच. अशा दहा पेट्या झाल्या की तांदळाची २५ किलोची पाच पोती एका फळीवर ठेवल्यासारखं आहे. रॅकवर जो आकडा छापलेला असतो तो वजन सगळीकडे सारखं पसरलं तरचा, आपण मात्र सगळं मधेच रचतो. त्यामुळे रॅक घ्यायचाच तर स्टीलचा घ्या, जड माल सगळ्यात खाली आणि रॅक भिंतीतल्या स्टडला (आतल्या उभ्या आधाराच्या पट्टीला) स्क्रूने पक्का करा.

डबे मिलिटरी सरप्लसचे स्टीलचे बेस्ट. झाकणाच्या आतलं रबर बोटाने दाबून बघा, कडक झालं असेल किंवा चिरा असतील तर तो डबा सोडून द्या. ‘फिफ्टी कॅल’ नावाने मिळणारा मोठा डबा काठोकाठ भरू नका, २० किलोच्या आसपास जातो आणि एका हँडलला धरून उचलताना कंबर धरते, मी आता छोटा थर्टी कॅलच घेतो. आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका, ह्यूस्टनची दमट हवा कोकणाला लाजवेल अशी.

पण डब्याची खिटी कोणतंही पोर उघडू शकतं! म्हणून हे डबे मी जॉबसाइट बॉक्समध्ये ठेवतो, बांधकामवाले हत्यारं ठेवतात तीच जाड पत्र्याची पेटी, दोन कुलपं लागतात. ती गॅरेजमध्ये नाही, जिन्याखालच्या कपाटात आहे, खाली काँक्रीटचा स्लॅब, एसीची हवा, आणि वॉटर हीटरपासून लांब. वरच्या मजल्यावरच्या लाकडी फ्लोअरवर एका कोपऱ्यात एवढं वजन साठवू नका. बंदूक वेगळ्या सेफमध्ये आणि दोन्हीच्या चाव्या वेगळ्या, कारण टेक्ससमध्ये लगेच झाडता येईल अशी बंदूक तुमच्या निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

प्रत्येक डब्यावर मास्किंग टेप लावून कॅलिबर आणि महिना-वर्ष लिहा, जुनं आधी वापरा. वीस गेज आणि बारा गेज एका डब्यात कधीच नको. वीसचं पिवळं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते म्हणून मागून बाराचं भरलं की नळी फुटते. थ्री हंड्रेड ब्लॅकआउट आणि फाइव्ह फिफ्टीसिक्स या रायफलच्या काडतुसांचीही गल्लत नको, पहिलं चुकून दुसऱ्याच्या रायफलमध्ये भरून झाडलं तर रायफल फुटू शकते, डबे लांब लांब ठेवा.

आणि भारतात जाताना रेंजची बॅग प्रवासाला घेऊच नका. खिशात विसरलेला एक राऊंड मुंबई विमानतळावर सापडला तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होऊ शकते. मी तर निघायच्या आदल्या रात्री सगळ्या बॅगांचे कप्पे उलटे करून झटकतो, बायकोची पर्ससुद्धा.