चाफ्याच्या पानांमागची नारिंगी पूड : तांबेरा कसा ओळखला

पावसाळ्यात आमच्या चाफ्याच्या पानांवर वरून फिकट पिवळे ठिपके दिसू लागले आणि महिनाभरात पाने करपून गळू लागली. खताची उणीव समजून शेणखत घातले, मग कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) समजून निंबोळी तेल फवारले. वैतागाखेरीज काहीच हाती आले नाही. अखेर पान उलटून ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसले, तेव्हा त्यावर नारिंगी डाग उमटला, म्हणजे हा कोलिओस्पोरियम बुरशीमुळे होणारा तांबेरा, पानांमागे गंजासारखी पूड आणणारा रोग, होता. आधी रोगट पाने न झटकता पिशवीत भरली, खालचा पाचोळा उचलला, नंतर हातमोजे व मुखपट्टी घालून लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळून मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूस फवारले आणि १० दिवसांनी तेच पुन्हा केले. नवी पाने स्वच्छ आली. डागाळलेली जुनी मात्र सुधारत नाहीत.