ओफिओलाइटचं वय काढताना या चुका टाळा

मस्कतला मत्राहच्या समुद्रकिनारी फिरायला गेलेले बरेच मराठी लोक मागच्या करड्या-तपकिरी, झाडाचं पानही नसलेल्या डोंगरांकडे बघून “काय हे ओसाड!” म्हणतात आणि पुढे जातात. तो डोंगर म्हणजे पृथ्वीच्या प्रावरणाचा खडक आहे. एरवी समुद्रतळाखाली सहा-सात किलोमीटर खोल असायला हवा असा पेरिडोटाइट इथे रस्त्याला लागून उभा आहे. सागरी कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा असा जमिनीवर चढून बसलेला तुकडा म्हणजे ओफिओलाइट. ओमानचा सेमैल ओफिओलाइट सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे.

“हा किती जुना?” हा प्रश्न विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतात. मी उलट विचारतो, “काय किती जुनं?” लाव्हा कधी थिजला, तुकडा तळापासून कधी सुटला, जमिनीवर कधी चढला, त्यात पाणी कधी मुरलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. खाली दिलेल्या बहुतेक चुका एका घटनेची तारीख दुसरीच्या नावावर खपवल्यामुळे होतात.

बेसॉल्ट दिसला की समुद्रतळ, असं धरून चालणं

ही चूक आपल्याकडच्यांची खास. आपण दख्खनच्या बेसॉल्टवरच वाढलो. मुंबई परिसरात तर उशांसारखा गोल-गोल पिलो लाव्हाही सापडतो. पण उशी तयार व्हायला लाव्हा पाण्यात शिरला म्हणजे पुरे, ते पाणी तळ्याचं असलं तरी चालतं. दख्खनच्या लाव्हाखाली खंडाचं कवच आहे, तो ओफिओलाइट नाही.

१९७२ च्या पेनरोझ या भूशास्त्रज्ञांच्या परिषदेने ठरवून दिलेला क्रम बघा: खाली पेरिडोटाइट, त्यावर गॅब्रो (खोलवर सावकाश थिजलेला जाड दाण्यांचा खडक), मग डाइकांचा थर (डाइक म्हणजे भेगेत शिरून गोठलेल्या शिलारसाची भिंत), मग पिलो लाव्हा. यातला डाइकांचा थर सगळ्यात बोलका. सह्याद्रीत डाइक दिसतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरा कुठला तरी खडक असतो. ओफिओलाइटमध्ये डाइकशेजारी डाइक, त्याला चिकटून पुन्हा डाइक, मध्ये दुसरं काहीच नाही. भिंग घेऊन काठ बघा. थंड खडकाला टेकलेला काठ पटकन गोठतो, म्हणून तिथे दाणे अगदी बारीक असतात. इथे कित्येक डाइकांना असा बारीक काठ एकाच बाजूला असतो, कारण नवा डाइक जुन्याच्या पोटातून घुसला आणि त्याचे दोन अर्धे करून दूर सारले. समुद्रतळ फाटत-पसरत असल्याचा याहून चांगला पुरावा मी पाहिलेला नाही.

पिलो लाव्हावरच पोटॅशियम-आर्गॉन लावणं

लाव्हा समोर आहे, मग त्याचंच वय काढू, हा विचार सरळ वाटतो आणि हमखास फसवतो. या पद्धतीत पोटॅशियमपासून हळूहळू साठत गेलेला आर्गॉन मोजून वय काढतात. समुद्राचं पाणी बेसॉल्टमध्ये मुरताना त्यात पोटॅशियम सोडतं. त्यामुळे खडक असतो त्याहून तरुण भासतो. उलटही होतं. हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या समुद्राखालच्या ताज्या पिलोंमध्ये जास्तीचा आर्गॉन अडकलेला आढळला, आणि १९६८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उशीच्या काचेरी काठात तो जास्त, आतल्या भागात कमी. म्हणजे काल-परवाचा लाव्हा लाखो वर्षांचा निघू शकतो.

यावर उपाय झिरकॉन हे खनिज. स्फटिक घडताना तो युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आत सापडलेलं शिसं नंतरचं, युरेनियमपासून झालेलं, असं धरता येतं. पण बेसॉल्टमध्ये झिरकॉन शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. गॅब्रोच्या वरच्या भागात प्लॅजिओग्रॅनाइट या ग्रॅनाइटसारख्या खडकाचे पांढुरके पट्टे असतात, हातोडा तिथे चालवा.

नमुना आणला की खरी सावधगिरी सुरू होते. एका प्रयोगशाळेत आमच्या गॅब्रोत चक्क ५० कोटी वर्षांचे दोन दाणे निघाले. दोन दिवस आम्ही सिद्धांत रचत बसलो. मग कळलं, आधीच्या आठवड्यात त्याच क्रशरमध्ये कुणीतरी ग्रॅनाइट दळला होता. जबडे ब्रशने झटकून भागत नाही. आधी कोरा क्वार्ट्झ दळा आणि त्याची भुकटीही सूक्ष्मदर्शकाखाली बघा. त्यानंतर दाणे तापवून हायड्रोफ्लुओरिक आम्लात घालतात, म्हणजे किरणोत्साराने खिळखिळे झालेले, शिसं गळलेले भाग विरघळून जातात. हा टप्पा वाचवला तर वय कमी येतं. या पद्धतीने सेमैलच्या कवचाच्या बहुतेक तारखा ९.६५ ते ९.५ कोटी वर्षांच्या दरम्यान येतात. एवढा मोठा पसारा, आणि घडायला जेमतेम दहा-पंधरा लाख वर्षं!

जवळ सापडलेल्या चर्टला वरचा थर समजणं

लालसर चर्ट (समुद्रतळावर साचलेला सिलिकाचा कठीण खडक) आणि त्यातल्या रेडिओलेरिया या सूक्ष्मजीवांच्या जीवाश्मांवरून वय काढता येतं. मात्र तो चर्ट लाव्हाच्या डोक्यावरच बसलेला हवा. ओमानमध्ये ओफिओलाइटखाली हवासिना नावाचे खोल समुद्राचे गाळथर आहेत. त्यांतही चर्ट आहे, पण हे थर पर्मियन काळाच्या अखेरीपासूनचे, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीपासूनचे. तिथला तुकडा उचललात तर कवच दहा-पंधरा कोटी वर्षांनी म्हातारं कराल. नमुना घेताना संपर्करेषेचा फोटो काढा, वहीत “वर” आणि “खाली” लिहा. पिलोचं टोक खालच्या दोन उशांच्या फटीत शिरलेलं असतं, त्यावरून थर उलटले आहेत का तेही कळतं.

तळच्या रूपांतरित पट्टीला कवचाचं वय चिकटवणं

ओफिओलाइटच्या बुडाशी, तो सरकताना भाजून निघालेल्या खडकांची पातळ पट्टी असते, तिला सोल म्हणतात. तिच्यातलं हॉर्नब्लेंड हे खनिज आर्गॉन पद्धतीने मोजलं तर मिळते ती साधारण ५०० अंशांखाली थंड होण्याची तारीख, घडण्याची नव्हे. सेमैलच्या सोलमधल्या गार्नेट या खनिजाने २०१८ मध्ये धक्का दिला. ल्युटेशियमपासून झालेलं हाफ्नियम मोजण्याच्या पद्धतीने वय सुमारे १०.४ कोटी वर्षं आलं, म्हणजे वरच्या कवचापेक्षा ऐंशी लाख वर्षं जुनं. यंत्र बिघडलं असं म्हणून आकडा टाकून देणं सोपं होतं. पण एक तळ आधीच दुसऱ्याखाली घुसायला लागला आणि वरचं कवच त्यानंतर फाटून तयार झालं, असं मानलं की आकडा जागेवर बसतो. लाव्हाचं रसायनही तिकडेच बोट दाखवतं. तरी सोलच्या झिरकॉनांनी दिलेल्या तारखा कवचाच्या आसपासच्या आहेत, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

एकाच भागाची तारीख सगळ्या खडकाला लावणं

उत्तर चीनमधला डोंगवान्झी हा २५०.५ कोटी वर्षांचा, जगातल्या सर्वांत जुन्या ओफिओलाइटांपैकी एक, असा दावा २००१ मध्ये झाला. २००७ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच पट्ट्यातल्या पेरिडोटाइट-गॅब्रोसारख्या खडकांचे झिरकॉन मोजले. वय आलं सुमारे ३० कोटी वर्षं. म्हणजे पट्ट्यातल्या एका भागाची तारीख बाकीच्यांना लागू पडेलच असं नाही.