साधा, स्वस्त स्मार्टफोन घेताय? खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका

मागच्या पावसाळ्यात संगमेश्वरहून मावशीचा फोन आला. "अरे, बोलता बोलता माझा आवाजच जातो. पलीकडचे नुसते हॅलो हॅलो करत बसतात. तीन महिने झाले नाहीत घेऊन!" फोन मीच निवडून दिला होता, म्हणजे तक्रार निवारण केंद्रही मीच. गणपतीला गेलो तेव्हा तिला समोर बसवून फोन लावायला सांगितला. तिने तो कानाला लावला, स्क्रीन काही विझली नाही, आणि तिचा गाल बरोब्बर 'म्यूट'च्या बटणावर टेकला.

फोन कानाजवळ आला की स्क्रीन बंद करणारा एक बारकासा सेन्सर असतो, प्रॉक्सिमिटी सेन्सर. मावशीच्या फोनात तो नव्हताच. चार पैसे वाचवायला कंपनीने ते काम सॉफ्टवेअरवर सोडलं होतं. फोन कसा उचलला, स्क्रीनला काय टेकलं यावरून ते अंदाज बांधतं आणि बऱ्याचदा चुकतं. खोक्यावर '५० मेगापिक्सेल' आणि '१२० हर्ट्झ' हे लांबून दिसेल एवढं मोठं छापलेलं. सेन्सर नाही हे कुठेच नाही. मीही आकडेच बघून फोन घेतला होता.

तेव्हापासून "दहा-बारा हजारांत चांगला कुठला?" असं कुणी विचारलं की मॉडेलचं नाव सांगायच्या आधी मी पुढच्या गोष्टी बोलून घेतो.

८ + ८ म्हणजे १६ नव्हे

खोक्यावर '१६ जीबी रॅम' लिहिलेलं असतं आणि खाली मुंगीच्या अक्षरांत '८ + ८'. आणखी स्वस्त फोनात तर '४ + ४ = ८'. यातला पहिला आकडा खरा. दुसरा स्टोरेजमधून उसना घेतलेला असतो. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे माळा, असं समजा. ओट्यावर जागा नाही म्हणून पोळपाट-लाटणं माळ्यावर ठेवलं तर ते हरवणार नाही, पण दर पोळीला शिडी लावावी लागेल. शिवाय तेवढी माळ्याची जागाही गेली. व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब आणि थोडं फेसबुक एवढ्यासाठी खरी ६ जीबी रॅम असली की दिवस सुखाचा जातो. ४ जीबीत भागतं, पण यूपीआय उघडून परत येईपर्यंत मागचं ॲप बंद झालेलं असतं.

माळ्याचीही जात बघायची असते, आणि ही गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. स्वस्त फोनांत दोन प्रकारचं स्टोरेज येतं, ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी जुन्या पद्धतीचं आणि हळू, यूएफएस बरंच वेगवान. नवा असताना दोन्ही फोन सारखेच पळतात. फरक कळतो तो वर्षभराने, स्टोरेज भरत आलं की. गॅलरी उघडायला दोन सेकंद, कीबोर्ड वर यायला एक सेकंद, आणि मग घरात 'फोन हँग होतो' हे पालुपद सुरू. पाचशे-हजार रुपये जास्त देऊन यूएफएसवाला मिळत असेल तर ते पैसे कॅमेऱ्यावर घालवण्यापेक्षा इथे घालवा.

आणि ६४ जीबी घेऊच नका. अँड्रॉइड आणि कंपनीची भरताड ॲप्स मिळून १५-२० जीबी पहिल्याच दिवशी खातात. उरलेल्यात सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि भावकीचा ग्रुप. 'मेमरी कार्ड टाकू की' म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. बऱ्याच फोनांत ॲप्स कार्डावर जातच नाहीत. आणि सिमचा ट्रे हायब्रिड असेल, म्हणजे दुसरं सिम आणि कार्ड यांना मिळून एकच जागा असेल, तर कार्ड टाकायला दुसरं सिम काढावं लागतं.

फोन आधीच घेऊन झाला असेल आणि अडकत असेल, तर 'क्लीनर' ॲप टाकू नका. ते स्वतःच जागा खातं, वर जाहिराती दाखवतं. आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजच्या भागात जा. कुठल्या ग्रुपने किती जागा अडवली आहे ते उतरत्या क्रमाने दिसतं. मोठे व्हिडिओ उडवा आणि फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. मी मामांच्या फोनात हे केलं तेव्हा एकट्या सुप्रभातवाल्या ग्रुपने ११ जीबी धरून ठेवली होती. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, आणि तोही फोटो-संपर्कांचा बॅकअप घेतल्यावरच.

सेलमधला जुना फोन

'१८ हजारांचा फोन ११ हजारांत' ही जाहिरात बघून हात शिवशिवतात. कधीकधी सौदा खरंच चांगला असतो. पण कंपनी 'दोन वर्षं अँड्रॉइड, चार वर्षं सिक्युरिटी अपडेट' म्हणते तेव्हा ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलं तर निम्मं आयुष्य दुकानातच संपलेलं असतं. दुकानातल्या डेमो फोनात 'अबाउट फोन'मध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. वायफाय जोडून अपडेट तपासल्यावरही ती सहा-आठ महिन्यांपूर्वीचीच निघाली तर समजून जा. ज्या फोनात बँक आणि यूपीआय चालवायचं, त्यात हे बघायलाच हवं.

नावांचा घोळही इथेच होतो. एकाच नावाचा ४जी आणि ५जी फोन असतो, आतला प्रोसेसर, स्क्रीन, कॅमेरा सगळं वेगळं. दुकानदार "तोच आहे हो" म्हणतो. तोच नसतो. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

५जी लिहिलंय, पण तुमच्या सिमवर चालेल का?

जिओने आपलं ५जी सुरुवातीपासून स्टँडअलोन पद्धतीने उभं केलं. एअरटेलने सुरुवात नॉन-स्टँडअलोनने केली, म्हणजे ४जीच्या आधाराने चालणारं. बहुतेक फोन दोन्ही पद्धती समजतात. पण अगदी स्वस्तातले काही ५जी फोन फक्त स्टँडअलोनवाले आले. अशा फोनात नॉन-स्टँडअलोन नेटवर्कचं सिम घातलं की वर ४जीच दिसतं आणि माणूस कस्टमर केअरशी भांडत बसतो. फोनची माहिती वाचताना 'एसए/एनएसए' अशी दोन्ही अक्षरं आहेत ना, एवढं बघा. आणि तुमच्या गावात ५जीचा टॉवरच नसेल तर त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची घाई कशाला?

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. मागे तीन भिंगं दिसली म्हणून तीन कॅमेरे मिळाले असं नाही. या किमतीत एक कामाचा असतो, बाकीचे २ मेगापिक्सेलचे किंवा निव्वळ शोभेचे. ५० मेगापिक्सेलवालाही नेहमीचा फोटो चार पिक्सेलचा एक करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच काढतो, आणि ते बरंच आहे.

दुकानात पाच मिनिटं

ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा दुकानात जाऊन तो फोन हाताळा. आपलं सिम घालू देत असतील तर घरी फोन लावा, कानाला लावा, मग आरशात किंवा सोबतच्या माणसाकडून स्क्रीन विझते का ते बघून घ्या. स्पीकर लावून रस्त्यावरच्या आवाजात ऐकू येतं का बघा. घरातल्या ज्येष्ठांसाठी घेत असाल तर हे कॅमेऱ्याच्या आधी. दाराबाहेर उन्हात धरा. स्वस्त स्क्रीन सावलीत छान दिसतात आणि उन्हात आरसा होतात. नकाशा उघडून जागच्या जागी गिरकी घ्या. निळा बाण वळला नाही तर फोनात होकायंत्राचा सेन्सर नाही. मग अनोळखी चौकात डावीकडे की उजवीकडे हे वीस पावलं चालल्यावरच कळणार.

खोक्यात चार्जर आहे का, हेही विचारा. हल्ली बऱ्याचदा नसतो, आणि मग फूटपाथवरचा दीडशेचा चार्जर घरी येतो. कोकणात राहत असाल तर आणखी एक. पाणी जाऊन फोन बिघडला तर तो साधारणपणे वॉरंटीत बसत नाही, भले खोक्यावर आयपी५४ लिहिलेलं असो. ते रेटिंग शिंतोड्यांसाठी आहे, पागोळ्याखाली धरण्यासाठी नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला, हे आधीच शोधून ठेवा. एका स्क्रीनपायी एसटीच्या दोन खेपा होतात.

हप्त्यांवर घेताना 'नो कॉस्ट' शब्दावर थांबू नका. प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी असतो, आणि रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट बऱ्याचदा गेलेली असते. तिन्ही मिळवून बेरीज करा. कुणाचा वापरलेला फोन घेत असाल तर आधी *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा. मग इंग्रजीत 'केवायएम', एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवरही तपासता येतं. खोक्यावरचा, बिलावरचा आणि फोनातला नंबर जुळत नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

मावशीच्या फोनाचं काय केलं? आधी स्क्रीन गार्ड काढून पाहिला. सेन्सर असलेल्या फोनात कित्येकदा गार्ड किंवा धूळच त्याला झाकून टाकते, तेवढं पुसलं की काम होतं. इथे सेन्सरच नाही म्हटल्यावर 'पॉवर बटणाने कॉल बंद' ही सेटिंग बंद ठेवली आणि तिला एक सवय लावली. फोन लागला की बाजूचं बटण दाबून स्क्रीन विझवायची, मग कानाला लावायचा. जमलं तिला.

परवा काकांसाठी फोन घ्यायला ती रत्नागिरीला गेली होती. दुकानातूनच मला फोन केला. "तुझे काका कानाला लावून उभे आहेत, मी समोरून बघतेय. दुकानदार कंटाळलाय रे, पण स्क्रीन विझतेय."